अकस्मात मूर्च्छा आणि हृदयाची रोजकीर्द

काशीतील दुर्गाघाट हा मराठी माणसाला परका न वाटणारा परिसर आहे. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात हा घाट आणि शेजारचा ब्रह्मघाट बांधविला. घाटावर ब्रह्मचारिणी देवीचे मंदिर आहे, एका बाजूस पंचगंगा घाट आहे आणि मागच्या अरुंद गल्ल्यांमधून कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. गंगेचा काठ येथे उंच असल्यामुळे पायऱ्या पुष्कळ आणि उभ्या आहेत. तरुणांनाही दम लावणाऱ्या या पायऱ्यांवर एखाद्या वृद्धाची शुद्ध क्षणभर जरी हरपली, तरी तो क्षण जिवावर बेतू शकतो.

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून याच घाटावरील एका काल्पनिक गृहस्थांचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. वय ७२, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. नित्य गंगास्नानाचा त्यांचा नेम कित्येक वर्षांचा. ज्येष्ठ महिन्यात एका सकाळी देवपूजेला बसले असताना ते अचानक बाजूला कलंडले आणि अर्ध्या मिनिटात सावध झाले. आदल्या दिवशी निर्जला एकादशी होती. साहजिकच सर्वांनी दोष उपवासाला दिला. लिंबूपाणी पाजले गेले आणि विषय संपला. त्यानंतर पाच महिन्यांनी, कार्तिकस्नान आटोपून परत येताना ते घाटाच्या पायऱ्यांवर कोसळले. कपाळाला चार टाके पडले. या वेळी मात्र उपवास नव्हता, ऊन नव्हते आणि पित्ताचा त्रासही नव्हता. दवाखान्यात काढलेला ई.सी.जी. सर्वसामान्य निघाला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

हा निःश्वास घाईचा होता, हेच प्रस्तुत लेखाचे सांगणे आहे.

मूर्च्छा म्हणजे नेमके काय?

चक्कर, घेरी, भोवळ, फिट, मूर्च्छा हे शब्द बोलण्यात सरमिसळ वापरले जातात. वैद्यकशास्त्रात मात्र त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण अपुरा पडल्यामुळे शुद्ध जाणे, शरीराचा तोल सुटणे आणि थोड्याच वेळात कोणत्याही उपचाराविना पूर्ण शुद्धीवर येणे, याला मूर्च्छा म्हणतात. मेंदूजवळ प्राणवायूचा राखीव साठा जवळजवळ नसतोच. रक्तप्रवाह सहा ते आठ सेकंद थांबला तरी माणसाचे भान हरपते. म्हणजेच मूर्च्छा हा स्वतः रोग नसून ते एक लक्षण आहे. त्यामागचे कारण अत्यंत किरकोळ असू शकते किंवा अत्यंत गंभीरही.

कारणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट मज्जासंस्थेच्या प्रतिक्रियेचा. रक्त पाहिल्यावर, तीव्र वेदना झाल्यास, गर्दीत फार वेळ उभे राहिल्यास किंवा लघवी करताना काहींची नाडी मंदावते व रक्तवाहिन्या सैलावतात. अशा व्यक्तीला बहुधा आधी मळमळते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरा गट उभे राहिल्यावर रक्तदाब घसरण्याचा. झोपलेल्या अवस्थेतून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर तो या प्रकारात मोडतो. वाढते वय, शरीरातील पाण्याचे कमी झालेले प्रमाण, मधुमेह आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचा येथे संबंध असतो. तिसरा गट प्रत्यक्ष हृदयविकाराचा. यात हृदयाचे ठोके अतिशय मंद होतात, काही सेकंद थांबतात अथवा अतिवेगाने पडतात. क्वचित हृदयाच्या झडपेचा किंवा स्नायूचा दोष असतो.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ७,८१४ व्यक्तींचे सरासरी १७ वर्षे निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या काळात ८२२ जणांना मूर्च्छा आली. त्यांपैकी २१.२ टक्के व्यक्तींमध्ये कारण पहिल्या गटातले होते, ९.४ टक्क्यांमध्ये दुसऱ्या गटातले आणि ९.५ टक्क्यांमध्ये हृदयविकाराचे. तब्बल ३६.६ टक्के व्यक्तींच्या मूर्च्छेचे कारण सापडलेच नाही. पहिल्या गटातील व्यक्तींच्या आयुर्मानावर विपरीत परिणाम दिसला नाही. परंतु हृदयविकारामुळे मूर्च्छा आलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, मूर्च्छा न आलेल्यांच्या तुलनेत, सुमारे दुप्पट आढळला. ज्यांचे कारण सापडले नाही त्यांचाही धोका काही प्रमाणात वाढलेला होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘कारण कळले नाही’ आणि ‘कारण काही नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत.

पहिली साक्ष पाहणाऱ्याची

मूर्च्छेच्या तपासणीत कोणत्याही यंत्राआधी एक साधी गोष्ट येते, ती म्हणजे हकीकत. अडचण अशी की, ज्याला मूर्च्छा आली त्याला त्या क्षणांची आठवणच नसते. म्हणून प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मोलाची ठरते. अण्णा कोसळले तेव्हा जवळच नाव बांधत असलेल्या एका मल्लाहाने सर्व पाहिले होते. चेहरा एकदम पांढराफटक पडला, हात धरायलाही वेळ मिळाला नाही, हातपाय एक-दोनदा झटकले, अर्ध्या मिनिटात डोळे उघडले आणि लगेच ‘तांब्या कुठे आहे?’ असे त्यांनी विचारले. एवढे त्याने सुनेला सांगितले आणि सुनेने ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले.

या चार वाक्यांतून बरेच काही कळते. अपस्माराच्या झटक्यात हातपाय बहुधा अधिक वेळ झटकतात, जिभेची कड चावली जाते आणि शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो. अण्णा तात्काळ भानावर आले होते. मूर्च्छेतही हातपाय थोडेसे झटकू शकतात; केवळ तेवढ्यावरून तिला फिट ठरवणे योग्य नाही. दुसरे असे की, पूर्वसूचना मिळालीच नव्हती आणि पहिल्या वेळी ते बसलेले होते. बसल्या जागी, आडवे असताना किंवा श्रम चालू असताना आलेली मूर्च्छा हृदयाकडे बोट दाखविते.

म्हणूनच डॉक्टर सविस्तर हकीकत, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, झोपून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब व बारा लीडचा ई.सी.जी. एवढ्यापासून सुरुवात करतात. गरजेनुसार हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको, तसेच रुग्णाला झुकत्या मेजावर ठेवून केली जाणारी चाचणीही करतात. अण्णांच्या बाबतीत या सर्व तपासण्यांत दोष आढळला नाही. तरीही डॉक्टरांनी त्यांना मोकळे केले नाही.

दहा सेकंदांची शिल्लक

बँकेच्या व्यवहारांशी परिचित असलेल्या वाचकांना हे चटकन उमगेल. एखाद्या खात्याची आज दुपारी तीन वाजताची शिल्लक पाहून त्या खात्यात वर्षभरात काय घडले, हे सांगता येत नाही. मध्ये एखाद्या दिवशी खाते रिकामे होऊन पुन्हा भरलेले असू शकते. त्यासाठी रोजकीर्द पाहावी लागते.

नेहमीचा ई.सी.जी. ही अशीच एका क्षणाची शिल्लक आहे. त्यात साधारणतः दहा सेकंदांची नोंद असते. एका दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाच्या ८,६४० भागांपैकी केवळ एक भाग कागदावर उतरतो. निरोगी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते; दहा सेकंदांत त्यांपैकी बारा-पंधरा ठोके दिसतात. पाच महिन्यांतून एकदा काही सेकंदांसाठी होणारा बिघाड त्यात दिसला नाही, तर दोष त्या कागदाचा नाही. जुन्या झटक्याच्या किंवा विद्युतवहनातील स्थायी दोषाच्या खुणा त्यावर उमटतात, म्हणून तो आवश्यकच आहे. पण सर्वसामान्य ई.सी.जी. म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

मिठाच्या पाण्यापासून पाठीवरच्या ओझ्यापर्यंत

मंद नाडी आणि मूर्च्छा यांचा संबंध वैद्यांना फार पूर्वीच जाणवला होता. डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशा रुग्णांची वर्णने केली. हृदयाचे ठोके खोळंबल्यामुळे येणाऱ्या मूर्च्छेला आजही या दोघांची नावे जोडली जातात. मात्र त्यांच्या हाती मनगटावरील बोटांखेरीज साधन नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्थोवेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख स्पष्टपणे काढणारे यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते, ते चालविण्यास पाच माणसे लागत आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कार्यासाठी आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र पुढे लहान होत गेले. पण रुग्णाने यंत्रापाशी निश्चल पडून राहायचे, ही अट कायम राहिली.

ती अट मोडली अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर या संशोधकाने. माणूस चालताना, काम करताना, झोपताना त्याचे हृदय कसे वागते, हे त्यांना पाहायचे होते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सुमारे ३८ किलो वजनाचे रेडिओ यंत्र पाठीवर बांधून स्वतःच्या हृदयाचे संकेत प्रक्षेपित केले. पुढे ट्रान्झिस्टर आला, चुंबकीय फीत आली आणि हे ओझे खिशात मावू लागले. १९६१ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज ज्या यंत्राला ‘होल्टर’ म्हटले जाते, त्यामागे हा पाठीवरचा भार आहे.

कोणाला कोणते यंत्र?

फिरत्या हृदयनोंदीची यंत्रे आज अनेक प्रकारची आहेत. त्यांची निवड किमतीवरून किंवा नवलाईवरून करावयाची नसते. मूर्च्छा किती दिवसांच्या अंतराने येते, हा त्या निवडीचा पाया आहे.

होल्टर : छातीवर चिकटपट्ट्या, त्यांना जोडलेल्या तारा आणि कमरेला किंवा गळ्यात लहानशी डबी. २४ ते ४८ तास प्रत्येक ठोक्याची नोंद होते. आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा त्रास होत असेल, तर हे साधन उपयुक्त ठरते. तारांविना छातीवर चिकटविण्याच्या पट्ट्याही आता मिळतात. त्या एक ते दोन आठवडे नोंद ठेवू शकतात.

बाह्य लूप रेकॉर्डर : हे काही आठवडे वापरता येते. त्याची कार्यपद्धती बँकेतील सीसीटीव्हीसारखी आहे. कॅमेऱ्याचे जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण होते. परंतु घटना घडताच ते वेगळे जतन करता येते. लूप रेकॉर्डरही सतत नोंद करीत व जुनी पुसत राहतो. ठोके फारच मंदावले किंवा वाढले तर तो ती नोंद आपोआप राखतो. शिवाय शुद्धीवर आल्यावर रुग्णाने किंवा घरच्यांनी कळ दाबली, तर आधीची काही मिनिटेही जतन होतात. मूर्च्छा साधारण महिन्याभराच्या अंतराने येत असेल, तर हा पर्याय योग्य होय.

त्वचेखालील लूप रेकॉर्डर : मूर्च्छा क्वचित, कित्येक महिन्यांनी येत असेल, तर छातीच्या डाव्या बाजूस त्वचेखाली हे उपकरण बसवितात. सध्याच्या लहान उपकरणांची लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटर आणि वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असते. जागा बधिर करून, लहानशी चीर देऊन ते काही मिनिटांत बसविले जाते. हृदयाच्या आत कोणतीही तार जात नाही. त्याची बॅटरी तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते. हे उपकरण केवळ नोंद ठेवते, उपचार करीत नाही, हे रुग्णाने नीट समजून घ्यावे.

कॅनडातील लंडन या शहरात ६० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण न सापडलेल्या मूर्च्छेच्या या रुग्णांचे दोन गट करण्यात आले. ज्यांच्या बाबतीत प्रचलित पद्धतीने तपासण्या पूर्ण झाल्या, अशा ३० पैकी ६ जणांचे निदान झाले. त्वचेखालील उपकरणाने दीर्घकाळ नोंद ठेवलेल्या २७ पैकी १४ जणांचे निदान झाले. म्हणजे २० टक्क्यांच्या जागी ५२ टक्के.

येथे एक इशारा आवश्यक आहे. घरी राहून महिनोन्‌महिने नोंदीची वाट पाहणे सर्वांसाठी सुरक्षित नसते. ज्यांच्या हृदयाचे स्नायू दुर्बल झाले आहेत, ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, श्रम करताना ज्यांना मूर्च्छा आली आहे किंवा ज्यांच्या ई.सी.जी.मध्येच गंभीर दोष दिसतो, त्यांना रुग्णालयात दाखल करून सतत देखरेखीखाली ठेवावे लागते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच.

अण्णांचा हिशेब

अण्णांच्या दोन मूर्च्छांमध्ये सुमारे १५० दिवसांचे अंतर होते. एका दिवसाच्या होल्टरमध्ये ती घटना सापडण्याची शक्यता ढोबळमानाने दीडशेत एक. महिनाभराच्या यंत्रात पाचात एक. तीन वर्षे जागणाऱ्या उपकरणाच्या नजरेतून मात्र ती सुटणे अवघड. हा साधा हिशेब डॉक्टरांनी कुटुंबापुढे कागदावर मांडला. चोवीस तासांचा होल्टर आधीच झाला होता. तो निर्दोष होता आणि त्यातून काहीही सिद्ध झाले नव्हते.

त्वचेखालील उपकरण बसविण्यात आले. त्याहून कठीण गोष्ट पुढे होती. कारण कळेपर्यंत अण्णांनी एकट्याने पाण्यात उतरू नये, पायऱ्यांवर सोबत असावी, वाहन चालवू नये, असे डॉक्टरांनी बजावले. पाण्यात शुद्ध हरपली तर अर्धे मिनिटही पुरेसे असते. नित्यस्नानाचा नेम मोडण्याचे अण्णांच्या जिवावर आले. शेवटी नातवाने रोज पहाटे गंगेची कळशी भरून घरी आणायची आणि अण्णांनी न्हाणीत बसून स्नान करायचे, असे ठरले. सुनेने एक वही घातली. तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, जाणवलेला त्रास आणि घेतलेल्या गोळ्या असे पाच रकाने त्यात आखले.

फाल्गुनात, होळीनंतर चार दिवसांनी, अंगणात वर्तमानपत्र वाचत असताना अण्णांची मान अचानक कलली. सुनेने घड्याळ पाहिले, त्यांना आडवे केले, पाय वर धरले. ते सावध झाल्यावर तिने उपकरणासोबत दिलेल्या लहान यंत्राची कळ दाबली आणि वहीत लिहिले : सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयात नोंद वाचली गेली, तेव्हा नेमक्या त्याच वेळी नऊ सेकंदांचा थांबा आढळला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. वही आणि आलेख यांची वेळ जुळली. दोन वेगवेगळ्या नोंदवह्यांचा मेळ बसला म्हणजे लेखापरीक्षकाची खात्री पटते, तसेच येथे झाले. अण्णांना पेसमेकर बसविण्यात आला.

नोंद कशी वाचली जाते?

या तपासणीचे सार ‘लक्षण आणि ठोके यांची जुळणी’ या एका सूत्रात आहे. त्यातून तीन शक्यता उद्भवतात. मूर्च्छेच्या वेळीच ठोक्यांत गंभीर दोष दिसला, तर कारण सापडले. मूर्च्छा आली आणि त्या वेळी ठोके अगदी नियमित होते, तर तोही निर्णयच आहे. कारण ठोक्यांतील बिघाड हे कारण बाद होते व तपास दुसऱ्या दिशेने वळतो. तिसरी शक्यता अशी की, नोंदीच्या काळात मूर्च्छा आलीच नाही आणि आलेखही निर्दोष राहिला. अशा वेळी तपासणी ‘निर्दोष’ नव्हे, तर ‘अपूर्ण’ समजावी. बहुतेक कुटुंबांची गल्लत येथेच होते. होल्टरचा अहवाल चांगला आला म्हणून कागद कपाटात जातात आणि पुढची मूर्च्छा पायऱ्यांवर, रस्त्यावर किंवा गाडी चालविताना येते.

याच्या उलट, आलेखात दिसणारी प्रत्येक अनियमितता घाबरण्यासारखी नसते. एखादा अवांतर ठोका अनेक निरोगी व्यक्तींमध्येही आढळतो. झोपेत नाडी बरीच मंदावते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये तर ती विशेष मंद असते. म्हणून अहवालातील शब्द स्वतः वाचून निष्कर्ष काढू नयेत.

यंत्र लावलेले असताना

होल्टर लावलेला असताना नेहमीची सर्व कामे करावीत. दिवसभर पडून राहिल्यास तपासणीचा हेतूच निष्फळ होतो. तारा जोडलेल्या असताना अंघोळ करू नये. चिकटपट्टी सुटल्यास स्वतः जागा न बदलता रुग्णालयास विचारावे. यंत्राचे आणि घरातील घड्याळ एकच वेळ दाखवीत असल्याची सुरुवातीलाच खात्री करावी. धडधड, अंधारी, छातीत दुखणे किंवा मूर्च्छा यांची वेळ मिनिटासह लिहावी. काहीच त्रास झाला नाही, तर तसेही लिहावे. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मनगटी घड्याळातून ई.सी.जी. काढण्याची सोय २०१८ पासून प्रचारात आली आहे. धडधड जाणवत असताना असा आलेख काढून डॉक्टरांना दाखविणे उपयोगी असते. पण बहुतेक घड्याळांत त्यासाठी दुसऱ्या हाताचे बोट अर्धा मिनिट टेकवावे लागते. ज्याची शुद्धच हरपली आहे त्याने ते टेकवायचे कसे? मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारे टेली-ई.सी.जी. यंत्र विकसित केले आहे. मोबाईल फोनच्या साहाय्याने बारा लीडचा आलेख दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येणे, ही दुर्गम भागासाठी मोठी सोय आहे. तथापि तोही त्या क्षणाचाच आलेख असतो; दीर्घकाळच्या नोंदीची जागा तो घेऊ शकत नाही.

तातडीने काय करावे?

समोर कोणी मूर्च्छित झाल्यास त्याला सपाट आडवे करावे, कपडे सैल करावेत, पाय थोडे उंच धरावेत. उचलून बसविण्याची घाई करू नये. तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. श्वास नीट चालतो का, हे पाहावे. श्वास नसल्यास किंवा आचके लागत असल्यास लगेच छातीवर दाब देण्यास सुरुवात करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक-दोन मिनिटांत शुद्ध न आल्यास, छातीत दुखत असल्यास किंवा डोक्याला मार लागल्यासही रुग्णालय गाठावे.

पुढील बाबींपैकी एक जरी असेल, तर मूर्च्छा ‘साधी’ मानू नये : श्रम करताना किंवा आडवे असताना आलेली मूर्च्छा, पूर्वसूचनेविना कोसळणे, आधी जोराची धडधड, ज्ञात हृदयविकार, कुटुंबात तरुण वयात कोणाचा अकस्मात मृत्यू.

खर्चाचा विचार

त्वचेखालील उपकरण आणि पेसमेकर या खर्चिक बाबी आहेत. आरोग्य विमा असल्यास उपकरण बसविण्यापूर्वी पूर्वसंमती घ्यावी आणि तपासणीसाठीचे उपकरण पॉलिसीत समाविष्ट आहे किंवा नाही, हे लेखी विचारावे. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, समाविष्ट करण्यात आले आहे. कोणता उपचार योजनेत बसतो, याची चौकशी संबंधित रुग्णालयात आधीच करावी. सर्व ई.सी.जी., होल्टरचे अहवाल आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार एका फाईलमध्ये लावून ठेवाव्यात. जुन्या कागदाशी तुलना करता आली, तर तज्ज्ञाचे काम निम्मे सोपे होते. पेसमेकर बसविल्यानंतर मिळणारे ओळखपत्र नेहमी जवळ बाळगावे.

समारोप

जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर अण्णा पुन्हा घाट उतरू लागले. नातू सोबत असतोच. सुनेची वही देवघराच्या फडताळात आहे. तिच्या पाच रकान्यांपैकी शेवटच्या पानावरचे चार आता कोरे राहतात.

या उदाहरणात निर्णायक ठरले ते केवळ उपकरण नव्हे. एका मल्लाहाने लक्षपूर्वक पाहिले, सुनेने ते न विसरता सांगितले, डॉक्टरांनी एका निर्दोष आलेखावर समाधान मानले नाही आणि यंत्राची निवड मूर्च्छेच्या अंतराशी ताडून केली. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला अकारण मूर्च्छा आल्यास उपवास, ऊन किंवा पित्त यांना दोष देऊन विषय मिटविण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा : जितक्या दिवसांनी मूर्च्छा येते, तितके दिवस हृदयाची नोंद आजवर ठेवली गेली आहे काय? उत्तर नकारार्थी असेल, तर हिशेब अजून पूर्ण झालेला नाही.